लाल किल्ल्यावरचा उजेड आणि मागच्या बराकी

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये लाल किल्ला पाहिला नाही असा फौजी विरळा. मीही तो दिवसा कैक वेळा पाहिला होता. रात्रीचा ‘जय हिंद’ शो मात्र परवा प्रथमच पाहिला. सोबत आमचे निवृत्त सुभेदार साहेब होते. डिसेंबर २००३ मध्ये लष्कराने किल्ला पुरातत्त्व खात्याकडे सोपवला, त्याआधी ते इथल्या बराकीत राहिलेले.

इमारतीवर प्रकाश टाकून तिचाच इतिहास सांगायची कल्पना फ्रान्सची. १९५२ मध्ये शांबोरच्या राजवाड्यात पॉल रोबेर-उदँ यांनी ती प्रथम प्रत्यक्षात आणली. लाल किल्ल्यावर असा कार्यक्रम १९६५ मध्ये सुरू झाला. तेव्हा भिंत कोरीच असायची. दिवा एकेका महालावर पडायचा, कर्ण्यातून आवाज यायचे, बाकीचे चित्र आपण मनात काढायचे. जानेवारी २०२३ पासूनच्या शोमध्ये प्रोजेक्शन मॅपिंग आले. यात इमारतीचे मोजमाप घेऊन संगणकावर तिची हुबेहूब आकृती करतात आणि चित्र असे बेततात की कमान बरोबर कमानीवर बसते. तोफेचा नेम चुकला तर गोळा शेतात पडतो. इथे प्रोजेक्टर जरा हलला तरी अख्खा नौबतखाना वाकडा दिसेल!

शोमध्ये मराठ्यांचा उदय येतो, १८५७ येते, आझाद हिंद सेना येते. मराठ्यांचे नाव निघाले तेव्हा छाती फुगली, खोटे कशाला बोलू? पण शेवटचा भाग दिवाण-ए-खासपाशी होतो आणि तिथे मला वेगळेच आठवले. याच दालनाचे चांदीचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून त्याची नाणी पाडली. फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता. मी स्वतः पगारी शिपाई, ती अडचण मला कळते. तरी छत गेले ते आपल्याच हातून. आणि १७८८ मध्ये गुलाम कादिरने याच किल्ल्यात शाह आलमला आंधळे केले, तेव्हा त्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले तेही महादजी शिंद्यांच्या फौजेनेच. अभिमान सांगायचा तर दोन्ही सांगावे लागते.

शो संपला, भिंती पुन्हा लाल झाल्या. साहेब मात्र अंधारात पाहत उभे.

“साहेब, काय बघताय?”

“माझी खिडकी शोधतोय रे.”

१८५७ नंतर इंग्रजांनी आतले कितीतरी महाल पाडले आणि गोऱ्या पलटणींसाठी या बराकी उभारल्या. १९४५ मध्ये याच किल्ल्यात त्यांनी शाहनवाझ खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला चालवला. दोन वर्षांत इंग्रज गेले आणि इथे आपली फौज राहू लागली. २३ जानेवारी २०१९ पासून या बराकींत नेताजी आणि आझाद हिंद सेनेचे संग्रहालय आहे. देखण्या त्या नाहीत. महालांच्या जागेवर त्या परक्याच वाटतात. पण इथला दीडशे वर्षांचा इतिहास त्यांनीच पाहिला आहे.

मंडळी, दिल्लीला गेलात तर शो जरूर पाहा, पोरांना दाखवा. पण आधी एकदा दिवसा जाऊन बराकींवरून चक्कर मारा. साहेबांना त्यांची खिडकी त्या रात्री सापडली नाही. दिवसा पुन्हा जायचे ठरले आहे.