रॉबेन, आर्येन

(२३ जानेवारी १९८४ – ). डच व्यावसायिक फुटबॉलपटू. जन्म नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन प्रांतात, बेडुम या गावी. एफसी ग्रोनिंगेन, पीएसव्ही आइंडहोवन, चेल्सी, रेआल माद्रिद आणि बायर्न म्यूनिक या क्लबांकडून विंगर म्हणून खेळला. नेदरलँड्स, इंग्लंड, स्पेन आणि जर्मनी अशा चार देशांचे लीग विजेतेपद मिळवणाऱ्या संघांत तो होता. राष्ट्रीय संघाकडून त्याने ९६ सामन्यांत ३७ गोल केले. उजव्या कडेने चेंडू घेऊन धावत यायचे, पेनल्टी क्षेत्राच्या कोपऱ्याशी आत वळायचे आणि डाव्या पायाने लांबच्या खांबाकडे फटका मारायचा, ही त्याची चाल. प्रतिस्पर्ध्यांना ती दहा वर्षे तोंडपाठ होती, तरी ती थोपवणे फार थोड्यांना जमले.

रॉबेनचे पहिले धडे बेडुमच्या गावच्या क्लबात झाले. तेथे डच प्रशिक्षक वील कूर्व्हर यांच्या पद्धतीने सराव चाले. चेंडूवरचा ताबा आणि समोरासमोर एकट्या बचावपटूला चकवण्याचे कौशल्य लहान वयातच घोटून घ्यायचे, हा त्या पद्धतीचा गाभा. पुढे मोठमोठ्या मैदानांवर दिसलेल्या रॉबेनच्या खेळात हा पाया स्पष्ट दिसतो. ग्रोनिंगेन क्लबाच्या युवा संघातून तो मुख्य संघात आला आणि डिसेंबर २००० मध्ये, सतरावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, आरकेसी वालवाइकविरुद्ध पहिला सामना खेळला. २००२ मध्ये पीएसव्हीने त्याला घेतले. गूस हिडिंक यांच्या मार्गदर्शनाखाली २००२–०३ ची डच लीग पीएसव्हीने जिंकली. त्या मोसमात सर्बियन आघाडीवीर माटेया केझमन आणि रॉबेन या जोडीला ‘बॅटमन आणि रॉबेन’ असे टोपणनाव मिळाले.

३० एप्रिल २००३ रोजी पोर्तुगालविरुद्ध तो राष्ट्रीय संघातर्फे प्रथम खेळला आणि वर्षभरातच, २००४ च्या युरो स्पर्धेत, साऱ्या युरोपच्या नजरेत भरला. चेक प्रजासत्ताकाविरुद्ध नेदरलँड्सने २–० अशी आघाडी घेतली, ती त्याने पुरवलेल्या दोन चेंडूंवर. आघाडी एका गोलावर आलेली असताना प्रशिक्षक डिक अॅडव्होकाट यांनी त्याला बाहेर बोलावून पॉल बोसव्हेल्ट या मधल्या फळीतील खेळाडूला उतरवले. सामना चेक संघाने ३–२ असा जिंकला. हा बदल डच फुटबॉलमधल्या सर्वांत टीका झालेल्या निर्णयांपैकी एक आहे आणि ती टीका रास्त होती, कारण रॉबेन मैदानात असेपर्यंत चेक बचावपटूंना पुढे सरकण्याची मोकळीक मिळत नव्हती. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनविरुद्धचा सामना पेनल्टींवर गेला, तेव्हा निर्णायक पेनल्टी वीस वर्षांच्या रॉबेननेच गोलात मारली. मोठ्या स्पर्धेत नेदरलँड्सने पेनल्टी शूटआउट जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

त्याच उन्हाळ्यात तो चेल्सीत दाखल झाला. मोसमापूर्वीच्या सामन्यात पायाचे हाड मोडल्याने त्याचे पदार्पण लांबले. पण उतरल्यावर त्याने असा झपाटा लावला, की नोव्हेंबर २००४ चा प्रीमियर लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मासिक पुरस्कार त्यालाच मिळाला. प्रशिक्षक जोजे मोरिन्यो यांच्या संघाने एका कडेला रॉबेन, दुसऱ्या कडेला आयरिश विंगर डेमियन डफ अशी मांडणी केली आणि २००४–०५ मध्ये पन्नास वर्षांनंतर क्लबाला लीग जिंकून दिली. पुढच्याच वर्षी विजेतेपद राखले. दोन लीग कप आणि २००७ चा एफए कपही या काळातले. मात्र दुखापतींमुळे तीन मोसमांत त्याला लीगचे फक्त ६७ सामने खेळता आले.

ऑगस्ट २००७ मध्ये तो रेआल माद्रिदकडे गेला आणि पहिल्याच मोसमात ला लिगाचा मानकरी ठरला. २००९ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डो आणि काका यांच्यावर प्रचंड पैसा खर्च झाल्यावर माद्रिदने जुन्यांतील अनेकांना वाट मोकळी केली. त्यांत रॉबेन होता आणि वेस्ली स्नायडरही. माद्रिदने नको म्हटलेले हे दोघे डच पुढच्याच मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात परस्परांविरुद्ध उभे राहिले, तेही माद्रिदच्याच बेर्नाबेऊ मैदानावर. स्नायडरच्या इंटर मिलानने तो सामना २–० असा जिंकला.

बायर्नमधली दहा वर्षे हाच रॉबेनच्या कारकिर्दीचा खरा ऐवज. २९ ऑगस्ट २००९ रोजी व्होल्फ्सबुर्गविरुद्ध मध्यंतरानंतर बदली खेळाडू म्हणून तो उतरला आणि दोन गोल करून गेला. प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी डाव्या कडेला उजव्या पायाचा फ्रांक रिबेरी आणि उजव्या कडेला डाव्या पायाचा रॉबेन अशी उलटी बसवणूक केली. जुन्या पद्धतीचा विंगर कडेच्या रेषेने गोलरेषेपर्यंत जाऊन चेंडू आत टोलवीत असे. उलट पायाचा विंगर आत वळताच त्याच्यासमोर गोल दिसू लागतो. हे तंत्र रॉबेनने शोधलेले नाही, परंतु त्याचा इतका धारदार वापर त्याच्या पिढीत दुसऱ्या कुणी केला नाही.

ही चाल ठाऊक असूनही का अडत नसे, याचे उत्तर तिच्या वेळेत आहे. पूर्ण वेगात धावतानाही तो डाव्या पायाच्या बाहेरच्या अंगाने चेंडूला छोटे छोटे स्पर्श करी, त्यामुळे चेंडू पायापासून कधी दूर जात नसे आणि कोणत्याही पावलाला वळता येई. चढाईला गेलेला कबड्डीपटू जसा समोरच्याला आधी हात टाकायला लावतो, तसा तो बचावपटूला आधी पाय टाकायला लावी. पाय पडला, की शरीराचा भार एका बाजूला जाई आणि रॉबेन दुसऱ्या बाजूने निसटे. फटका कधी पहिल्या मोकळ्या जागेतून येई, कधी आणखी दोन पावले आडवे गेल्यावर. शिवाय त्याच्या मागून उजवा बचावपटू फिलिप लाम रेषेलगत पुढे धावत जाई. लामकडे लक्ष द्यावे तर रॉबेनला आत वाट मिळे. रॉबेनला आत अडवावे तर लाम मोकळा सुटे. लामच्या त्या धावांचे श्रेय फटक्यांच्या चित्रफितींत दिसत नाही. ते द्यायलाच हवे.

पहिल्याच मोसमात बायर्नने लीग आणि जर्मन कप दोन्ही जिंकले. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर रिबेरीने घेतलेला कॉर्नर रॉबेनने पेनल्टी क्षेत्राच्या टोकावरून, चेंडू जमिनीला लागू न देता, थेट गोलात मारला. त्या गोलामुळे ३–२ असा पराभव होऊनही परक्या मैदानावरील गोलांच्या नियमाने बायर्न पुढे गेले. २०१० चा जर्मनीतील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली.

त्या वर्षीच्या विश्वचषकाआधी हंगेरीविरुद्धच्या सराव सामन्यात त्याच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. तरीही तो दक्षिण आफ्रिकेत पोहोचला, स्लोव्हाकियाविरुद्ध आपल्या नेहमीच्या चालीने आणि उपांत्य फेरीत उरुग्वेविरुद्ध डोक्याने गोल केला. ११ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गमध्ये स्पेनविरुद्धच्या अंतिम सामन्यात ६२व्या मिनिटाला स्नायडरने दिलेल्या चेंडूवर तो एकटा गोलरक्षकासमोर पोहोचला. इकेर कासियास चुकीच्या बाजूला झेपावला होता, पण मागे राहिलेल्या त्याच्या पायाला लागून चेंडू बाहेर गेला. नंतर कार्लेस पुयोलने ओढून धरले असतानाही रॉबेन पडला नाही, धावत राहिला आणि ही संधीही कासियासने हिरावली. जादा वेळेत आंद्रेस इनिएस्ताच्या गोलाने स्पेन जगज्जेता झाला. म्यूनिकला परतल्यावर तपासणीत स्नायू फाटल्याचे आढळले आणि जानेवारी २०११ पर्यंत त्याला बाहेर बसावे लागले. यावरून बायर्न आणि डच फुटबॉल संघटना यांच्यात वाद पेटला. भरपाई म्हणून दोन्ही संघांत एक सामना खेळवण्याचे ठरले.

तो सामना झाला मे २०१२ मध्ये, रॉबेनच्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण आठवड्यात. एप्रिलमध्ये लीगचे भवितव्य ठरवणाऱ्या सामन्यात डॉर्टमुंडचा गोलरक्षक रोमान वाइडनफेलर याने त्याची पेनल्टी अडवली होती. दोनच आठवड्यांनी बेर्नाबेऊवर, जुन्या क्लबाविरुद्ध, कासियाससमोर त्याने पेनल्टी घेतली आणि गोल केला. बायर्न चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत गेले. १९ मे रोजी म्यूनिकमध्येच चेल्सीविरुद्ध अंतिम सामना होता. जादा वेळेत दिदिए द्रोग्बाने रिबेरीला पाडल्यावर मिळालेली पेनल्टी पुन्हा रॉबेननेच घेतली आणि त्याचा चेल्सीतला माजी सहकारी पेत्र चेक याने ती पकडली. बायर्न शूटआउटमध्ये हरले. तीन दिवसांनी त्याच मैदानावर तो नेदरलँड्सकडून उतरला, तेव्हा बायर्नच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. कासियाससमोरची पेनल्टी घेतली नसती, तर हे प्रेक्षक त्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले असते का, हे कुणी विचारात घेतले नाही. त्या संध्याकाळचे वागणे अन्यायाचेच होते.

पुढच्या मोसमात बराच काळ तो राखीव खेळाडूंत होता. २ एप्रिल २०१३ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये युव्हेंटसविरुद्ध टोनी क्रोस जखमी झाला आणि त्याच्या जागी रॉबेन उतरला. तेव्हापासून प्रशिक्षक युप हाइंकेस यांनी त्याला संघाबाहेर ठेवले नाही. उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्ध दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले. २५ मे २०१३ रोजी वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात मारिओ मांझुकिचचा पहिला गोल रॉबेनने दिलेल्या चेंडूवर झाला, पुढे डॉर्टमुंडने बरोबरी साधली. ८९व्या मिनिटाला रिबेरीने टाचेने मागे सरकवलेला चेंडू घेऊन रॉबेन दोन बचावपटूंमधून घुसला. गोलात उभा होता वाइडनफेलर. या वेळी फटक्यात जोर नव्हता. चेंडू गोलरक्षकाच्या बाजूने संथपणे घरंगळत आत गेला. बायर्नने २–१ असा विजय मिळवला आणि आठवड्याभरात जर्मन कपही जिंकून एकाच मोसमात तीन मोठी विजेतेपदे पटकावणारा पहिला जर्मन क्लब होण्याचा मान मिळवला.

२०१४ चा ब्राझीलमधील विश्वचषक हा त्याच्या राष्ट्रीय कारकिर्दीचा कळस मानला पाहिजे. साल्व्हादोर येथे नेदरलँड्सने गतविजेत्या स्पेनला ५–१ असे हरवले. त्यांत रॉबेनचे दोन गोल. दुसऱ्या गोलाच्या वेळी त्याने सेर्हियो रामोसला धावण्यात मागे टाकले आणि बाहेर आलेल्या कासियासला गुडघ्यांवर रांगायला लावून चेंडू जाळ्यात मारला. मेक्सिकोविरुद्ध अखेरच्या क्षणी त्याला मिळालेल्या पेनल्टीवर क्लास-यान हुंटेलारने विजयी गोल केला. ती पेनल्टी वादग्रस्त ठरली. त्याच सामन्यात आधी एकदा आपण मुद्दाम पडलो होतो, हे रॉबेनने सामन्यानंतर कबूल केले आणि माफी मागितली. सहज पडण्याचा आरोप त्याच्यावर कायम होत राहिला आणि तो निराधार म्हणता येत नाही. मात्र २०१० च्या अंतिम सामन्यात पुयोलच्या ओढाताणीला न जुमानता उभा राहिलेलाही हाच खेळाडू होता. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हार पत्करल्यावर ब्राझीलला ३–० असे नमवून नेदरलँड्सने तिसरे स्थान मिळवले. स्पर्धेतील तिसऱ्या क्रमांकाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून रॉबेनला कांस्य चेंडू मिळाला.

२०१५ मध्ये तो राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला, पण तो काळ डच फुटबॉलच्या पडतीचा होता. २०१६ ची युरो स्पर्धा आणि २०१८ चा विश्वचषक या दोन्हींसाठी संघ पात्र ठरला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वीडनविरुद्ध २–० असा विजय मिळूनही विश्वचषकाची दारे बंद झाली. दोन्ही गोल रॉबेनचे होते. त्याच रात्री त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

बायर्नकडून त्याने ३०९ सामन्यांत १४४ गोल केले. आठ लीग विजेतेपदे, पाच जर्मन कप आणि एक चॅम्पियन्स लीग, ही तिथली कमाई. मे २०१९ मध्ये आइनट्राख्ट फ्रँकफुर्टविरुद्ध घरच्या मैदानावरील अखेरच्या लीग सामन्यात तो आणि रिबेरी दोघेही बदली खेळाडू म्हणून उतरले, दोघांनीही गोल केला. जुलैमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

कोविडच्या साथीत ग्रोनिंगेन क्लब आर्थिक अडचणीत असताना, २०२० च्या उन्हाळ्यात, तो पुन्हा पहिल्या क्लबात परतला. पीएसव्हीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात अर्ध्या तासात दुखापत झाली आणि मोसमाचा मोठा भाग उपचारांत गेला. तरी मे २०२१ मध्ये एमेनविरुद्ध सदतिसाव्या वर्षी त्याने दोन गोलांना हातभार लावला. जुलै २०२१ मध्ये तो कायमचा निवृत्त झाला. पुढे दीर्घ पल्ल्याच्या धावण्याकडे वळून त्याने २०२३ ची रॉटरडॅम मॅरेथॉन तीन तासांच्या आत पूर्ण केली.