मोत्याचे शिंपले, गोड्या पाण्यातील

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील गोदावरीच्या खोऱ्यात लॅमेलिडेन्स प्रजातीचे शिंपले आढळतात. समुद्रातील मोत्याच्या कालवांहून त्यांचे कुळ वेगळे. कवचाचा आतला मौक्तिक थर मात्र दोन्हींत ॲरागोनाइटचाच. त्याचे पापुद्रे जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीचे. त्यांना प्रथिनांचा लेप सांधतो. म्हणूनच कवच खडूसारखे सहज फुटत नाही. या शिंपल्यांचे डिंभ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, तेव्हा मासे घटले की शिंपलेही ओसरतात. मोतीसंवर्धनाच्या उत्साहात हे विसरले जाते. भारतात समुद्री कालवांपासून तुतिकोरिनला १९७३ मध्ये संवर्धित मोती मिळाले. गोड्या पाण्यातील तंत्र पुढे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केले. त्यात शिंपला किंचित उघडून प्रावाराखाली केंद्रक ठेवतात आणि त्यावर मौक्तिक थर चढू देतात.