पहिल्या घोटानंतर नेमकं काय होतं?

'टू बाय टू डिझाइन' हा शब्द तुम्ही परीक्षेसाठी पाठ केला असेल. पुस्तकात तो दोन ओळींत संपतो. पण याच साध्या चौकटीमुळे दारूच्या व्यसनाबद्दलचा एक जुना सिद्धांत प्रयोगशाळेत तपासला गेला. मी मूळची रसायनशास्त्राची, त्यामुळे हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला जरा धक्काच बसला होता.

आधी तो सिद्धांत बघू. न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. विल्यम सिल्कवर्थ दारूच्या रुग्णांवर उपचार करायचे. त्यांचं म्हणणं असं, की काहींच्या शरीराला दारूची जणू ॲलर्जी असते. एक घोट पोटात गेला की अशी ओढ लागते की माणूस थांबूच शकत नाही. दारुडा म्हणजे चारित्र्यहीन, असं बहुतेक लोक मानत त्या काळात हे म्हणणं मोठाच दिलासा होतं. त्यांचेच रुग्ण बिल विल्सन यांनी १९३५ मध्ये डॉ. बॉब स्मिथ यांच्यासोबत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं आणि १९३९ च्या संस्थेच्या पुस्तकात सिल्कवर्थ यांचं मत छापलं. पुढे १९६० मध्ये जेलिनेक यांच्या पुस्तकातही पिण्यावरचा ताबा सुटणं हे आजाराचं महत्त्वाचं लक्षण ठरलं.

आता प्रश्न बघा. ताबा सुटतो तो दारू पोटात गेल्यामुळे, की 'आपण दारू प्यायलो' हे कळल्यामुळे? रोजच्या आयुष्यात या दोन गोष्टी कायम एकत्र येतात. नुसतं निरीक्षण करून त्या वेगळ्या करताच येत नाहीत.

१९७३ मध्ये ॲलन मार्लाट आणि सहकाऱ्यांनी त्या वेगळ्या केल्या. टॉनिकमध्ये थोडी व्होडका मिसळली तर चवीवरून ओळखणं कठीण जातं, याचा त्यांनी फायदा घेतला. निम्म्या लोकांना व्होडका-टॉनिक दिलं, निम्म्यांना नुसतं टॉनिक. पण दोन्हीकडच्या अर्ध्यांना सांगितलं की यात दारू आहे, अर्ध्यांना सांगितलं की नाही. झाले चार गट. काम काय, तर पेयांची चव घेऊन गुण द्यायचे, हवं तेवढं प्यायचं. मोजलं मात्र गुपचूप, कोण किती पितो ते. सहभागींमध्ये नेहमीचे माफक पिणारे होते आणि व्यसन असलेलेही. आणि हे व्यसनी दारू न सोडलेले होते; सोडलेल्या माणसाच्या हातात असा ग्लास देणं कुठल्याही नीतीत बसलं नसतं. 

निकाल? ग्लासात काय आहे याने फारसा फरक पडला नाही. 'दारू आहे' असं ज्यांना वाटलं ते जास्त प्यायले, मग आत नुसतं टॉनिक का असेना. व्यसनी गटातही हेच दिसलं.

'म्हणजे एखादा पेग चालतो' असा अर्थ यातून काढू नका. प्रयोग थोड्या वेळाचा होता, दारू सौम्य होती. दारू बंद केल्यावर हातपाय थरथरतात त्या शरीराबद्दल तो काही सांगत नाही.

मार्लाट मात्र पुढच्या प्रश्नाकडे वळले: सोडलेली दारू पुन्हा सुरू होते ती कधी? त्यांना वारंवार सापडलेल्या वेळा तीन: मन खचलेलं असताना, कुणाशी भांडण झाल्यावर, आणि चारचौघांनी आग्रह केल्यावर. १९८५ च्या 'रिलॅप्स प्रिव्हेन्शन' या ग्रंथात त्यांनी आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी हे सविस्तर मांडलं. त्यातली 'ॲबस्टिनन्स व्हायोलेशन इफेक्ट' ही कल्पना आपल्याला चटकन कळेल. चतुर्थीच्या उपासाला चुकून शेव तोंडात गेली, की 'आता मोडलाच आहे, तर जेवूनच घेऊ' म्हणतो ना आपण? तसंच. सहा महिन्यांनी एक ग्लास घेतलेला माणूस 'मी असाच, माझ्यात दमच नाही' असं ठरवतो, आणि त्या ठरवण्यातूनच दुसरा ग्लास येतो. तो ग्लास स्वभावामुळे आला की त्या संध्याकाळच्या भांडणामुळे, हे ज्याला दिसतं त्याला मधे थांबायला जागा मिळते. व्यसनमुक्तीतली आत्मजाणीव म्हणतात ती माझ्या मते एवढीच आणि इतकी नेमकी आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या चौथ्या पायरीतही स्वतःचा धांडोळा घ्यायचाच असतो. फक्त तिथे रोख नैतिक हिशेबावर आहे आणि इथे प्रसंगावर.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे. इगतपुरीच्या केंद्रामुळे आपल्याला माहीत असलेली गोएंका गुरुजींची दहा दिवसांची विपश्यना शिबिरं सिॲटलजवळच्या एका तुरुंगात होत असत. मार्लाट यांच्या गटाने त्यांचा अभ्यास केला. २००६ च्या त्यांच्या निबंधानुसार शिबिर केलेल्यांचं सुटकेनंतरचं दारू आणि ड्रग्जचं सेवन तुलनेने कमी होतं. शिबिराला कैदी स्वेच्छेने बसले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे. त्यामुळे हा परिणाम ध्यानाचा की मुळातच बदलायला तयार असलेल्या माणसांचा, हे सांगता येत नव्हतं. ती उणीव २०१४ मध्ये सारा बोवेन आणि सहकाऱ्यांनी भरून काढली: २८६ जण, यादृच्छिक पद्धतीने तीन गट. वर्षभरानंतर सजगतेचं प्रशिक्षण घेतलेल्यांचे ड्रग्ज घेण्याचे आणि बेसुमार पिण्याचे दिवस इतर दोन्ही गटांपेक्षा कमी होते.

मला स्वतःला अडतं ते मोजमापापाशी. पिण्याचे दिवस मोजता येतात, पण सजगता प्रश्नावलीने मोजतात आणि ती भरतो तोच माणूस. ज्याला स्वतःच्या मनात काय चाललंय ते कमी दिसतं, त्याला आपल्याला कमी दिसतंय हे कसं दिसणार? उलट शिकू लागल्यावर आपण किती बेसावध होतो हे उमगून कुणी स्वतःला आधीपेक्षा कमी गुण देऊ शकतो. विषय शोधत असाल, तर इथे अजून बरंच काम बाकी आहे.