मागच्या चाकांचा लगाम

जगाने वेग देणाऱ्यांची जितकी स्तुती केली, तितकी वेग आवरणाऱ्यांची केली नाही. एंजिनाच्या शोधाची कथा शाळकरी मुलांसही ठाऊक असते. ब्रेकची कथा मात्र गॅरेजाबाहेर फारशी ऐकू येत नाही. जुन्या ट्रकच्या मागच्या चाकांस असलेले ड्रम ब्रेक ठेवावेत की डिस्क बसवावेत, हा प्रश्न मालकांस आजही पडतो. त्याचे उत्तर या दुर्लक्षित इतिहासात सापडेल, असे आम्हांस वाटते.

ड्रम जुना आणि डिस्क नवी, ही समजूतच मुळी बरोबर नाही. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले; आणि ड्रम ब्रेकचे श्रेय ज्यास सामान्यतः देतात, त्या फ्रान्सच्या लुई रेनोचे कामही त्याच सालचे होय. परंतु लँचेस्टरच्या चकतीवर धातू घासून कर्कश आवाज होई. उलट, ड्रमच्या आतील पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट बसतो. म्हणून पायाच्या थोड्या जोराने पुष्कळ काम होते. या गुणामुळे सुमारे अर्धशतक ड्रमचेच राज्य चालले.

त्याचा दोष उष्णतेने उघड केला. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, आणि पेडल खोल जाऊ लागते. चकती उघड्या हवेत लवकर निवते. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने जिंकली, तेव्हा हा भेद सर्वांच्या नजरेस आला.

तथापि १९५५ च्या सित्रोएन डीएस मोटारीने डिस्क पुढेच लावली. मागे ड्रम राखला. अमेरिकेत शेव्हरोलेच्या हलक्या ट्रकांस १९७१ पासून पुढे डिस्क आली, तरी मागे ड्रमच राहिले. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे मागच्या चाकांवर काम कमी पडते. शिवाय ड्रममध्ये हँडब्रेक सहज बसतो. १९९९ च्या सिल्व्हराडो ट्रकास मागेही डिस्क मिळाली. परंतु २००७ च्या नव्या पिढीतील हलक्या मॉडेलांत त्याच कंपनीने मागे बहुधा ड्रमच बसविले!

यावरून काय घ्यावे? रिकाम्या ट्रकचे मागचे अंग हलके असते. तेथे ब्रेक प्रमाणाबाहेर जबर झाला, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरते. बैलजोडीत एकच बैल तगडा आणला, तर गाडी सरळ चालत नाही, तसेच हे. म्हणून ज्याचा ट्रक बहुधा रिकामा वा हलक्या ओझ्याने धावतो, त्याने पुढचे ब्रेक आधी पाहावेत, आणि मागे नवे लायनर घालून व शू नीट जुळवून संतुष्ट राहावे. जो जड ट्रेलर ओढीत लांब उतार वारंवार उतरतो, त्याने डिस्कचा खर्च अवश्य करावा. मात्र मास्टर सिलिंडर, पुढच्या-मागच्या दाबाची वाटणी करणारा व्हॉल्व्ह आणि हँडब्रेक ही सारी तिच्याशी जुळवून घ्यावीत. अर्धवट जुळवणीची डिस्क ही सुस्थितीतील ड्रमाहून अधिक घातक, आणि तिची किंमत पुष्कळदा रस्त्यावरच्या परक्या माणसास द्यावी लागते.