काउबॉयची टोपी घेण्याआधी

आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आई आणि अण्णा सध्या आमच्याकडे डॅलसला आलेत. पाहुणे आले की आपण डॅलसची मराठी मंडळी काय करतो ते तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या शनिवारी फोर्ट वर्थचं स्टॉकयार्ड. लांब शिंगांच्या गुरांची मिरवणूक बघायची, टोपी घालून फोटो काढायचा, तो व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर टाकायचा. आम्हीही तेच केलं. पोरगी चौथीत आहे. तिला ते इतकं आवडलं की सुट्टीत "अजून काउबॉय" बघायला जायचा हट्ट धरला. म्हणून ठरवलं, ओक्लाहोमा सिटीला जाऊ. आय-३५ धरली की सरळ उत्तरेला साधारण २०० मैल, तीन-साडेतीन तासांचं ड्रायव्हिंग. अण्णांच्या गुडघ्यांनाही झेपेल.

एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून मी घरच्यांना बेत सांगायला बसलो. शनिवारी काउबॉय म्युझियम. रविवारी लँड रनचं स्मारक. सोमवारी सकाळी गुरांचा बाजार बघून परत. लँड रन म्हणजे काय हे मी आपलं शाळेच्या पुस्तकासारखं सांगितलं. २२ एप्रिल १८८९, दुपारी बाराचा ठोका. सरकारनं मोकळी जमीन लोकांसाठी खुली केली. घोड्यांवर, गाड्यांतून, पायी, सुमारे ५०,००० माणसं पळत सुटली. ज्यानं आधी खुंटी ठोकली त्याची १६० एकर. संध्याकाळपर्यंत उघड्या माळावर हजारो लोकांचं तंबूंचं शहर उभं राहिलं. तेच आजचं ओक्लाहोमा सिटी.

पोरगी टाळ्या वाजवायला लागली. अण्णा बडीशेप चघळत होते. म्हणाले, "मोकळी होती, का मोकळी केली?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे आधीची माणसं गेली कुठं? त्यांचं पुनर्वसन झालं का?"

अण्णा हे का विचारतात ते मला ठाऊक आहे. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा अण्णा दहा-अकरा वर्षांचे होते. खोऱ्यातली माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली, आमची सांगली जिल्ह्यात आली. अण्णा हे कधी फारसं बोलत नाहीत. पण "मोकळी जमीन" हा शब्द त्यांना चालत नाही. त्यांना दिलेली "मोकळी जमीन"ही कुणाचं तरी गायरान होती आणि त्यावरून पहिली काही वर्षं भांडणं झाली, एवढं मात्र त्यांनी सांगितलेलं आहे.

त्या रात्री लॅपटॉप घेऊन बसलो तो हॉटेल बुक करायचं सोडून वाचतच बसलो. जे कळलं ते इथं मांडतो. ओक्लाहोमाला आपल्यापैकी बरेच जण जातात, आणि मुलांच्या शाळेतही ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते.

थोडं मागे जाऊ. १८३० साली अमेरिकेत इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट झाला. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, फ्लोरिडा या भागांत चेरोकी, चोक्टॉ, चिकसॉ, क्रीक म्हणजे मस्कोगी, आणि सेमिनोल अशा मूळनिवासी जमाती राहत होत्या. यांची शेती होती, घरं होती. चेरोकींची स्वतःची लिपी होती, वर्तमानपत्रही निघत होतं. त्या जमिनीवर गोऱ्यांना कापूस लावायचा होता. जॉर्जियातल्या चेरोकींच्या जमिनीत तर सोनंही सापडलेलं. मग करार झाले. चेरोकींच्या वतीनं १८३५ च्या करारावर सही केली ती मूठभर लोकांनी. बहुसंख्य लोकांनी अर्ज-विनंत्या करून विरोध केला, पण तो मानला गेला नाही. १८३८ मध्ये सैन्य आलं आणि लोकांना घरांतून काढलं. सुमारे १६,००० चेरोकी पश्चिमेला हाकलले गेले आणि त्यातले अंदाजे ४,००० लोक छावण्यांत आणि वाटेत थंडी, उपास आणि रोगराईनं मेले. इतिहासात याला ट्रेल ऑफ टिअर्स म्हणतात. अश्रूंची वाट.

ती वाट जिथं संपली तो प्रदेश म्हणजे आजचं ओक्लाहोमा. तेव्हा त्याला इंडियन टेरिटरी म्हणत. शब्द दिला होता की ही जमीन आता कायमची तुमची. ओक्लाहोमा हे नावसुद्धा चोक्टॉ भाषेतलं. ओक्ला म्हणजे माणसं, हुम्मा म्हणजे लाल. १८६६ मध्ये चोक्टॉ प्रमुख अ‍ॅलन राइट यांनी ते सुचवलं.

म्हणजे अण्णांच्या भाषेत सांगायचं तर हे पुनर्वसनाचं गाव होतं. आणि पुनर्वसनाच्या गावाचं पुढं काय होतं, तेही अण्णांना ठाऊक आहे. तिथंही कुणाचा तरी डोळा असतो.

यादवी युद्धात या जमातींतले बरेच जण दक्षिणेच्या बाजूनं गेले. युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये नवे करार करून त्यांच्याकडून पश्चिमेकडची जमीन काढून घेण्यात आली. त्यातला मधला, साधारण २० लाख एकरांचा तुकडा कुठल्याच जमातीला नेमून दिला गेला नाही. तीच ती "मोकळी" जमीन. क्रीक आणि सेमिनोलांकडून घेतलेली. ती मिळावी म्हणून रेल्वेवाले आणि वसाहतवाले वर्षानुवर्षं मागे लागले होते. मार्च १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी घोषणा काढली आणि महिनाभरात ती शर्यत झाली.

एक गंमत सांगतो. बारा वाजायच्या आधीच जे चोरून आत घुसून झुडपांत लपले होते, त्यांना सूनर म्हणायचे. म्हणजे नियम मोडणारे. आज ओक्लाहोमाचं टोपणनाव सूनर स्टेट, आणि तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघही सूनर्स. आपल्या ग्रुपवरचे अर्धे लोक ऑक्टोबरमध्ये टेक्ससच्या बाजूनं त्यांच्यावर ओरडत असतात. नावाचा अर्थ किती जणांना माहीत होता? मला नव्हता.

बरं, जी जमीन उरली होती ती तरी राहिली का? १८८७ च्या डॉज कायद्यानं जमातींची सामायिक जमीन तोडून माणसागणिक तुकडे वाटायला सुरुवात झाली. वाटून "जादा" उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली. सुरुवातीला या पाच जमातींना त्यातून वगळलं होतं, पण १८९८ पर्यंत त्यांनाही त्यात ओढलं. सगळ्या अमेरिकेचा हिशेब असा आहे: १८८७ मध्ये मूळनिवासींकडे सुमारे १३.८ कोटी एकर, १९३४ मध्ये उरली ४.८ कोटी. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. "कायमची" या शब्दाचं वय साधारण सत्तर वर्षं निघालं.

आता काउबॉयकडे येऊ, नाहीतर पोरगी रागावेल.

सिनेमामुळे वाटतं की काउबॉयचं युग शे-दोनशे वर्षं चाललं असेल. प्रत्यक्षात गुरं हाकत नेण्याचा तो काळ जेमतेम वीस वर्षांचा. यादवी युद्धानंतर टेक्ससमध्ये गुरं माजोरी वाढली होती, आणि उत्तरेत मांसाला भाव होता. १८६७ पासून चिझम ट्रेलनं कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत लाखो जनावरं चालत नेली. हा रस्ता इंडियन टेरिटरीतूनच जायचा. ज्याच्या नावावरून तो ओळखला जातो तो जेसी चिझम स्वतः अर्धा चेरोकी व्यापारी. पुढं काटेरी तार आली, रेल्वे टेक्ससमध्ये पोचली, गोचिडीच्या तापामुळे कॅन्ससनं टेक्ससच्या गुरांना बंदी घातली, आणि १८८० च्या दशकातच हा धंदा आटोपला.

आणि काउबॉय म्हणजे फक्त गोरा, निळ्या डोळ्यांचा नव्हे. हे कसब आलं मेक्सिकोच्या वाकेरोंकडून. लॅसो, रोडिओ, रँच हे शब्द सगळे स्पॅनिशमधून आले. काळे काउबॉयही पुष्कळ होते, चारातला एक असा अंदाज नेहमी दिला जातो. रोडिओमध्ये घोड्यावरून झेप घेऊन बैलाची शिंगं धरून त्याला लोळवतात ना, तो प्रकार लोकप्रिय केला बिल पिकेट या काळ्या काउबॉयनं. टेक्ससमध्ये जन्मलेला, ओक्लाहोमाच्या रँचवर नाव कमावलेला. पोरीला हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "मग माझ्या पुस्तकात तो का नाही?"

आता तुम्ही म्हणाल, सुट्टीला निघालात का शोकसभेला? सुट्टीलाच निघालोय. जाणारच आहे, आणि तुम्हीही जा. फक्त मी क्रम बदलला.

शनिवारी पहिल्यांदा फर्स्ट अमेरिकन्स म्युझियम. ओक्लाहोमा नदीच्या काठावर आहे, २०२१ मध्ये उघडलं. मध्ये पैशाअभावी काम काही वर्षं बंद पडलं होतं. ओक्लाहोमात आज ३९ जमातींची राष्ट्रं आहेत, आणि इथं गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली आहे. दुःख आहे, पण नुसतं दुःख नाही. खेळ, विनोद, खाणं, भाषा, सगळं आहे.

रविवारी नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियम. हे १९६५ मध्ये सुरू झालेलं. आत शिरल्यावर एंड ऑफ द ट्रेल नावाचं प्रचंड शिल्प दिसतं. दमलेला घोडा आणि त्यावर मान टाकलेला मूळनिवासी स्वार. जेम्स अर्ल फ्रेझरनं ते १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनासाठी केलं होतं. म्हणजे तेव्हा लोकांना वाटत होतं की ही माणसं आता संपली. आदल्या दिवशी ३९ राष्ट्रं बघून आल्यावर पोरगी या शिल्पासमोर काय म्हणते, मला बघायचंय. मुलांसाठी आत जुन्या गावाची प्रतिकृती आहे, आणि बाहेर खेळायची मोठी जागा. तिचं नाव चिकसॉ भाषेत आहे, अर्थ "चला खेळू".

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ब्रिकटाउनमधलं लँड रनचं स्मारक. माणसाच्या दीडपट मोठे ब्राँझचे घोडे, गाड्या, धावणारी माणसं. शिल्प म्हणून जबरदस्त आहे, आणि पोरीला मी धावणाऱ्यांबद्दलही सांगणार आहे. ते सगळे काही लुटारू नव्हते. कर्जबाजारी शेतकरी होते, गुलामगिरीतून सुटलेल्यांची कुटुंबंही होती. गरिबांनाच गरिबांच्या जागेवर सोडलं गेलं. अण्णांच्या गायरानाचं भांडण काही वेगळं नव्हतं.

सोमवारी सकाळी स्टॉकयार्ड्स सिटी. १९१० पासूनचा गुरांचा बाजार, लिलाव अजून चालतो, बसून बघता येतो. हे खास अण्णांसाठी. आई म्हणाली, "इतक्या लांब येऊन बैलबाजारच बघायचा का?" अण्णा म्हणाले, "मी तेवढ्यासाठीच येतोय."

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २०२० मध्ये मॅकगर्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की मस्कोगी लोकांचा राखीव प्रदेश अमेरिकन काँग्रेसनं कायद्यानं कधी मोडीत काढलेलाच नाही. निकाल जमिनीच्या मालकीचा नव्हता, गुन्ह्यांचे खटले कुणी चालवायचे याचा होता. पण १८३० च्या दशकातला शब्द कागदावर अजून जिवंत आहे, एवढं त्यातून ठरलं.

शेवटचा मुद्दा आपल्या सगळ्यांचा आहे. आपण ज्या उत्तर टेक्ससमध्ये घरं घेतली, तिथं कॅडो, विचिटा अशा जमाती राहत होत्या. १८५९ मध्ये टेक्ससमधल्या त्यांच्या राखीव जागेवरूनही त्यांना उठवून रेड नदीपलीकडे पाठवलं. म्हणजे आम्ही एसी लावून ज्या दिशेनं सहलीला निघालोय, त्याच दिशेनं. आम्ही हे कुणाचं घेतलं नाही हे खरं. पण आमच्याही कागदपत्रांवर ती जमीन "मोकळी" होऊनच आलीय, हेही खरं. अपराधी वाटून घ्या असं म्हणत नाही. निदान माहीत तरी असावं.

काल पोरगी अण्णांजवळ बसून विचारत होती, "आबा, तुमचं गाव दाखवा." अण्णांनी मोबाइलवर नकाशा मोठा करायला लावला. निळा रंग आला. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं घर. इथं देऊळ. इथं शाळा." पंचेचाळीस वर्षांत मी ही जागा त्यांना कधी विचारली नव्हती.

जे ओक्लाहोमा सिटीला जाऊन आलेत त्यांनी खाली लिहा, वयस्कर माणसांना घेऊन कुठं किती चालावं लागतं. शाकाहारी जेवणाचं ठिकाण असेल तर तेही. आईसाठी.