आद्याक्षरांचे कोडे

आडव्याउभ्या शब्दांचे कोडे १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात अवतरले. ते सुटल्यावर हाती काय उरते? ब्रुकलिनच्या एलिझाबेथ किंग्जलीबाईंनी मार्च १९३४ मध्ये ‘सॅटरडे रिव्ह्यू’त उत्तर दिले. शोधसूत्रे काही श्लेषाची, काही सामान्यज्ञानाची. उत्तरांची अक्षरे क्रमांकानुसार चौकटीत भरली की एक उतारा उमटतो. उत्तरांची आद्याक्षरे वरून खाली वाचली की लेखक आणि ग्रंथ कळतो. पहिल्या कोड्यातून टेनिसनच्या ‘युलिसिस’मधील ओळी निघाल्या.

श्रोतेहो, आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेले. परीक्षेत अडला तो नापास. येथे मात्र अडलेल्या शब्दाला उतारा अक्षरे पुरवतो आणि अडलेल्या उताऱ्याला शब्द. कामगार संघटनेत आम्ही याहून निराळे काय शिकलो?