अभ्यंग व वार्धक्यातील त्वचानिगा

अंगास तेल चोळून जिरविणे म्हणजे अभ्यंग आणि त्यानंतर सुगंधी वनस्पतींच्या चूर्णाने अंग घासणे म्हणजे उद्वर्तन किंवा उटणे लावणे होय. महाराष्ट्रात हा आचार आज बहुतांशी दिवाळीपुरता उरला असला, तरी त्याचे मूळ प्रयोजन सणाचे नव्हते. वाढत्या वयात त्वचा व शरीर टिकविणे हे होते. उतारवयात त्वचेची निगा राखण्यात काही अर्थ आहे काय, या प्रश्नाला प्राचीन वैद्यकाने दिलेले उत्तर आणि आधुनिक त्वचाविज्ञानाने दिलेले उत्तर यांत वाटते तितके अंतर नाही. त्या उत्तराचा लाभ कोणाला मिळाला व कोणाला नाकारला गेला, हे पुणे शहराच्या सामाजिक इतिहासात स्पष्ट दिसते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे समर्थन तीन दृष्टांतांनी केले आहे. तेल मुरल्याने मडके, चोळल्याने कातडे आणि वंगण दिल्याने गाड्याचा आस जसा टिकाऊ होतो, तसे अभ्यंगाने शरीर दृढ व त्वचा चांगली होते, असे तेथे म्हटले आहे. नित्य अभ्यंग करणारा मनुष्य ‘अल्पजर’ होतो, हे तेथील विधान विशेष लक्षणीय आहे. ‘अल्पजर’ म्हणजे वार्धक्याची चिन्हे कमी असलेला; जरारहित नव्हे. पुढील काळातील प्रसाधनांच्या जाहिरातदारांना हा संयम क्वचितच साधला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येतही अभ्यंग नित्य करावा, मस्तक, कान व तळपाय यांना तेल विशेषेकरून लावावे, पण अजीर्ण व कफविकार असताना ते वर्ज्य करावे, असे सांगितले आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात अभ्यंगस्नान हे राजाच्या उपभोगांपैकी एक म्हणून येते. वैद्यकातील आरोग्याचा नियम तेथे ऐश्वर्याचे अंग झाला आहे. धर्मशास्त्रीय निबंधकारांनी त्याला आणखी एक वळण दिले. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांच्या धर्मसिंधु (१७९०) या महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या ग्रंथाने ज्या परंपरेचे संकलन केले, तिच्यात काही वार व तिथी अभ्यंगास निषिद्ध, तर नरकचतुर्दशीसारखे दिवस आवश्यक मानले जात. वैद्यांनी सांगितलेला रोजचा आचार अशा रीतीने पंचांगाच्या अधीन झाला.

निर्बंधांचा सर्वांत कठोर भाग विधवांच्या वाट्यास आला. स्कंदपुराणाच्या काशीखंडात विधवेने अंगास उटणे लावू नये व सुगंधी द्रव्ये वापरू नयेत, असे म्हटले आहे. या विषयावरील वचने पां. वा. काणे यांच्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात (इंग्रजी, १९३०–६२) एकत्र पाहावयास मिळतात. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात ब्राह्मण व तत्सम जातींतील बालविधवांची संख्या मोठी होती आणि केशवपनाची रूढी बळकट होती. बाराव्या-पंधराव्या वर्षी वैधव्य आलेल्या स्त्रीला उर्वरित सर्व आयुष्य, म्हणजे त्वचेला स्नेहाची खरी गरज असते तो काळही, या निषेधाखाली काढावा लागे. ‘म्हातारपणी नटणे’ हा हेटाळणीचा विषय का झाला, याचे एक कारण येथे शोधावे लागते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम स्थापन केला. तेथील मुख्य कार्य शिक्षणाचे होते; परंतु विधवेच्या देहाकडे शासन करण्याची वस्तू म्हणून पाहण्याच्या वृत्तीलाच त्यामुळे धक्का बसला.

विसाव्या शतकात तेलाची जागा साबण व क्रीम यांनी घेतली. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विको या संस्थेने पुढे हळदीचे क्रीम बाजारात आणले. ते औषध की प्रसाधन, हा अबकारी कराच्या निमित्ताने निघालेला वाद न्यायालयांत दीर्घकाळ चालला. वाद कराचा असला, तरी प्रश्न मूलगामी होता. १९७५ पासून गोरेपणाची क्रीमे आली आणि त्वचा टिकविण्यापेक्षा तिचा रंग बदलण्यावर भर आला. रंग उजळण्यासाठी स्टेरॉइडयुक्त मलमे परस्पर वापरण्याची प्रथा तर उघड घातक ठरली. ती त्वचा पातळ करतात, म्हणजे वार्धक्याचेच काम लवकर उरकतात.

वयानुसार बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांमधील सांधा सपाट होत जातो, कोलॅजेन घटते आणि त्वग्वसा कमी स्रवते. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर हे बदल वेगाने होतात. परंतु चेहरा व हाताची पाठ यांवर दिसणारे पुष्कळसे वार्धक्य वयाचे नसून उन्हाचे असते. दंडाच्या आतील बाजूशी तुलना केल्यास ते कोणासही पडताळता येईल. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे १९९२–९६ या काळात झालेल्या प्रयोगात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांच्या त्वचेची तपासणी करण्यात आली. दररोज सूर्यरोधक मलम लावणाऱ्यांत वार्धक्यचिन्हे इतरांपेक्षा २४ टक्के कमी आढळली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील वृद्धनिवासांत केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसातून दोनदा साधे आर्द्रताकारक मलम लावल्याने त्वचा फाटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. वृद्धांच्या जखमा सावकाश भरतात, हे लक्षात घेता हा लाभ सुरकुत्यांहून मोलाचा आहे. बारीक सुरकुत्यांवर ट्रेटिनॉइनाचा उपयोग होतो, हे १९८० नंतरच्या दशकात दिसून आले; ते वैद्याच्या सल्ल्यानेच वापरावे लागते. महागड्या मलमांपैकी बहुतेकांना एवढा पुरावा नाही.

पारंपरिक आचारातील सर्वच अंगे मात्र वृद्धांस सारखी मानवत नाहीत. तुळशीबाग व मंडई परिसरात दिवाळीपूर्वी विकावयास येणाऱ्या उटण्यात नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गव्हला-कचोरा इ. द्रव्ये असतात. ते जोराने चोळल्यास व वर कढत पाणी घेतल्यास कोरडी त्वचा अधिकच रुक्ष होते. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम हलक्या हाताने लावणे अधिक हितावह असते. तळपायांच्या अभ्यंगाबाबत वाग्भटाच्या काळी नसलेली एक अडचण आहे : न्हाणीघरातील गुळगुळीत फरशीवर तेलकट पाय घसरून खुब्याचे हाड मोडू शकते, म्हणून तळपायांना तेल रात्री अंथरुणावर बसून लावावे व उठण्यापूर्वी ते पुसून घ्यावे.